आईस्क्रीम सोड्याचा जनक कोण?

मनुष्य मृत्युपत्र करतो तें बहुधा घरदार, जमीनजुमला आणि दागदागिने यांची व्यवस्था लावण्यासाठीं. अमेरिकेंतील फिलाडेल्फिया शहरच्या रॉबर्ट ग्रीन नांवाच्या गृहस्थानें मात्र आपल्या मृत्युपत्रांत एक निराळीच इच्छा नमूद करून ठेविली होती. आपल्या थडग्यावर 'आईस्क्रीम सोड्याचा जनक' अशीं अक्षरें कोरावीं, ही ती इच्छा. हा ग्रीन १९२० सालीं वारला. कोणी राज्य मिळविल्याचें दगडावर कोरवितो, कोणी मंदिर बांधल्याचें. यानें एका पेयाचें पितृत्व कोरविण्यास सांगितलें. वाचकांस याचें हसूं येईल, आणि तें येणें स्वाभाविकही आहे. परंतु पितृत्वाचा दावा म्हटला कीं पुरावा तपासणें प्राप्तच होतें. तो तपासूं गेलें असतां या एका पेल्यांत तीन खंडांचा इतिहास सांठलेला आढळतो.

पेय तसें साधें. उंच पेल्यांत गोड पाक, त्यावर फसफसणारें सोडावॉटर, आणि त्यांत आईस्क्रीमचा एक गोळा. हा गोळा न ढवळतां वर तरंगत ठेविला कीं इंग्रजींत त्यास 'फ्लोट' म्हणतात. उन्हाळ्यांतील मेजवान्यांत मुलांचा सर्वांत अधिक ओढा असतो तो यावरच.

१८७४ सालीं फिलाडेल्फियांतील फ्रॅन्क्लिन इन्स्टिट्यूट या संस्थेस पन्नास वर्षें झालीं व त्यानिमित्त मोठें प्रदर्शन भरलें. तेथें ग्रीनचें सोडावॉटरचें दुकान होतें. प्रचलित कथा अशी कीं, त्याच्याजवळची मलई गर्दीमुळें संपली व वेळ मारून नेण्यासाठीं त्यानें पेल्यांत आईस्क्रीम घातलें. ही कथा सुबक आहे, आणि आम्हांस तिचा संशय येतो तो तिच्या सुबकपणामुळेंच. ग्रीननें स्वतः पुढें जी हकीकत सांगितली ती इतकी नाट्यमय नाहीं. प्रदर्शनांत त्याच्याहून मोठा व अधिक भपकेदार यंत्र लावलेला एक प्रतिस्पर्धी होता. त्याचें गिऱ्हाईक आपल्याकडे वळविण्यासाठीं आपण बुद्ध्याच ही नवी युक्ति काढली, असें तो म्हणतो. दुकानदाराच्या स्वभावास ही दुसरी हकीकत अधिक जुळते. डेट्रॉइटच्या फ्रेड सँडर्स नांवाच्या मिठाईवाल्याच्या बाजूनेंही असाच दावा केला जातो, व आणखी एकदोन दावेदार आहेत. तेव्हां ग्रीनची ती कोरलेली अक्षरें वादातीत नाहींत.

परंतु आमचा प्रश्न थोडा वेगळा आहे. अनेक शहरांतील माणसांस एकाच सुमारास एकच कल्पना कां सुचावी? त्याचें उत्तर ग्रीनच्या दुकानांत मिळणार नाहीं. तें पेल्यांतील एकेका पदार्थाच्या मागें मागें गेल्यानेंच मिळेल.

प्रथम सोडावॉटर घेऊं. १७६७ च्या सुमारास इंग्लंडांतील लीड्स गांवीं जोसेफ प्रीस्टली हा धर्मोपदेशक एका दारूच्या भट्टीशेजारीं राहत असे. आंबणाऱ्या पिंपावर जो वायु सांठतो तो पाण्यांत मिसळला तर पाण्यास रुचकर तिखटपणा येतो, हें त्यानें शोधून काढलें, आणि १७७२ सालीं ती कृति एका छोट्या पुस्तिकेंत छापून टाकली. या शोधावर त्यानें पैसा मिळविला नाहीं. तो मिळविला जेकब श्वेप यानें. हा धंद्यानें जवाहिऱ्या, जिनीव्हा शहरीं राहणारा. त्यानें १७८३ सालीं असें पाणी कारखान्यांत तयार करण्यास आरंभ केला व १७९२ सालीं लंडन गांठलें. पुढें अमेरिकेंत संगमरवराच्या तुकड्यांवर गंधकाचें तेजाब ओतून हा वायु काढूं लागले, आणि औषध म्हणून विकलें जाणारें पाणी चौकाचौकांतील दुकानांत गंमत म्हणून मिळूं लागलें.

खरी कथा मात्र बर्फाची आहे, व ती आपल्या दारापर्यंत येते.

बोस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडर यास एक वेड लागलें होतें. आपल्या गांवचीं तळीं हिवाळ्यांत फुकट गोठतात. तो बर्फ उष्ण देशांत नेऊन विकावा, हें तें वेड. १८०६ सालीं त्यानें वेस्ट इंडीज बेटांतील मार्टिनिक येथें पहिलें जहाज धाडलें. बोस्टनच्या वर्तमानपत्रास ती बातमी देतांना, ही थट्टा नव्हे, असें मुद्दाम सांगावें लागलें! व्यापार बुडाला, कर्जापायीं ट्यूडर तुरुंगांतही जाऊन आला. पण गृहस्थ चिवट. लांकडाचा भुसा भोंवतीं दाबून भरला तर बर्फ टिकतो, हें त्यानें अनुभवानें ठरविलें. आणि १८२५ च्या सुमारास त्याचा सहकारी नॅथॅनियल वायथ यानें घोड्यांनीं ओढावयाचा बर्फाचा नांगर तयार केल्यावर तळ्यांतून बर्फाच्या सारख्या लाद्या निघूं लागल्या. त्या भुश्याच्या जोरावर १८३३ च्या मे महिन्यांत 'टस्कनी' हें जहाज १८० टन बर्फ घेऊन कलकत्त्यास निघालें. विषुववृत्त दोनदां ओलांडून, चार महिन्यांनीं, सप्टेंबरांत तें पोंचलें तेव्हां सुमारें १०० टन बर्फ शिल्लक होता. जवळजवळ निम्मा माल समुद्रांत विरघळला, तरी धंदा किफायतशीर ठरला.

आमच्या देशास बर्फ अगदींच अपरिचित नव्हता. अबुल फझलनें आईने अकबरींत सोऱ्यानें पाणी थंड करण्याची कृति दिली आहे, आणि लाहोरास पहाडांतून बर्फ कसा आणीत त्याचेंही वर्णन केलें आहे. परंतु ती बादशाही चैन होती. ट्यूडरचा बर्फ पैसे टाकील त्यास मिळूं लागला, हा फरक लहान नव्हे. मुंबईस तो १८३४ सालीं आला. जमशेटजी जीजीभाई (ते तेव्हां 'सर' व्हावयाचे होते) यांनीं आपल्या घरच्या मेजवानींत पाहुण्यांस आईस्क्रीम दिलें. यजमान व पाहुणे, दोघांसही पडसें झालें. आणि 'मुंबई समाचार' पत्रानें, हें त्या नव्या खाण्याचें योग्यच शासन होय, असा शेरा मारला, असें मुंबईच्या जुन्या हकीकतींत नमूद आहे. पडशाचें कारण बर्फ होता कीं काय हें वैद्यांनीं ठरवावें. मात्र नव्या पदार्थाचें आपल्याकडे जें स्वागत होतें त्याचा हा उत्तम मासला आहे. पुढें १८९० सालीं पुण्याच्या पंचहौद मिशनमधील चहाच्या एकेका पेल्यापायीं रानडे व टिळक यांच्यासारख्यांवर प्रायश्चित्ताचा प्रसंग आला, हें ध्यानांत घेतलें म्हणजे बोस्टनच्या तळ्यांतील पाणी मुंबईकरांच्या जिभेवर आलें ही गोष्ट वाटते तितकी क्षुल्लक राहत नाहीं. मद्रासच्या समुद्रकिनाऱ्यावर ट्यूडरचें बर्फघर अद्याप उभें आहे. १८९७ सालीं स्वामी विवेकानंद तेथें राहिले होते, व आतां तें त्यांच्याच नांवानें ओळखलें जातें.

राहिली मलई. दूध गोठवावयाचें तर नुसता बर्फ पुरत नाहीं. त्यांत मीठ मिसळावें लागतें. मिठानें बर्फ वितळूं लागतो, वितळतांना भोंवतालची उष्णता शोषून घेतो, आणि मिश्रण शून्याच्या खालीं वीस अंशांजवळ जाऊं शकतें. १८४३ सालीं नॅन्सी जॉन्सन या बाईंनीं हाताच्या दांड्यानें फिरणाऱ्या आईस्क्रीमच्या पात्राचें पेटंट घेतलें. आपल्या घरांत लग्नमुंजींच्या वेळीं खडेमीठ घालून, पाळीपाळीनें दांडा फिरवून ज्या 'पॉट'मधून आईस्क्रीम काढीत, तो याच बाईंच्या यंत्राचा वंशज. त्यांचें नांव कोणाच्या तोंडीं नाहीं. १८५१ सालीं बाल्टिमोरच्या जेकब फसेलनें उरलेल्या मलईचें काय करावें या विवंचनेंतून आईस्क्रीमचा घाऊक कारखाना काढला, आणि श्रीमंतांचें पक्वान्न स्वस्त झालें.

वायु, बर्फ व मलई, तिन्ही १८७४ पूर्वींच अमेरिकन शहरांत एका दुकानाच्या छपराखालीं आलीं होतीं. ग्रीननें त्यांची गांठ घालून दिली. पौरोहित्य त्याचें, हें आम्ही आनंदानें कबूल करतों. पितृत्वाची कबुली मात्र आमच्यानें देववत नाहीं. तळ्यांवर कडाक्याच्या थंडींत लाद्या कापणाऱ्या मजुरांनीं कोणत्या दगडावर काय कोरवावें?

आतां ज्यांस हा पेला घरीं करावयाचा आहे त्यांच्यासाठीं दोन शब्द. पेला व सोडावॉटर दोन्ही आधीं चांगलीं थंड करावीं, कारण थंड पाणी वायु अधिक धरून ठेवतें. तळाशीं दोन चमचे गुलाबाचा किंवा वाळ्याचा पाक, त्यावर पाऊण पेला सोडावॉटर, आणि शेवटीं आईस्क्रीमचा घट्ट गोळा हलकेच सोडावा. क्रम उलटा केला तर अर्धें पेय मेजावर सांडतें. गोळ्याच्या खडबडीत अंगावर वायूचे बुडबुडे भराभर जन्मतात आणि दुधांतील स्निग्धांश व सत्त्व त्या बुडबुड्यांस फुटूं देत नाहींत. म्हणून इतका फेंस येतो. गोळा तरंगतो तोही घुसळतांना त्यांत कोंडलेल्या हवेमुळें. लिंबाचें सरबत वापरण्याचा मोह आवरावा. आंबटानें दूध फाटून पेल्यांत कण दिसूं लागतात.

ग्रीनच्या पेयाची एक लांबची बहीण पुण्यांत नांदते. तिच्यांत सोडावॉटर नाहीं. घट्ट दुधावर आईस्क्रीमचा गोळा असतो, व आंब्याच्या दिवसांत ती विशेष खुलते. बाजीरावाच्या मस्तानीचें नांव तिला कोणी दिलें याविषयीं दुकानादुकानांत निरनिराळ्या कथा ऐकूं येतात. आम्हीं त्यांपैकीं तीन ऐकल्या; तिन्ही सांगणाऱ्यांचा सूर ग्रीनइतकाच ठाम होता.