ताणणारे कापड, न ताणणारी टीप

मराठीत लुगडेही विणतात आणि स्वेटरही विणतात. मागावर उभ्या-आडव्या धाग्यांनी होणारे काम आणि दोन सुयांवर एकाच अखंड धाग्याच्या फासांनी होणारे काम, या दोहोंना आपल्या भाषेने एकच क्रियापद दिले आहे. साहित्याच्या अभ्यासकांना तर विणीची प्रतिमा अगदी अंगवळणी पडलेली असते. 'टेक्स्ट' हा शब्द लॅटिनमधील विणण्याच्या धातूपासून आला, 'तंत्र' या शब्दाचा एक जुना अर्थ माग असा आहे, 'सूत्र' म्हणजे दोरा आणि 'ग्रंथ' म्हणजे गुंफलेले. 'टेक्स्ट' आणि 'तंत्र' या शब्दांच्या पाठीमागचे कापड मात्र मागावरचे आहे. ओढले की वाढणारे आणि सोडले की पूर्ववत होणारे, फासांत फास अडकवून केलेले कापड आपल्या शब्दव्युत्पत्तीत फारसे आढळत नाही.

भाषा जो भेद करीत नाही तो शिलाई मशीनची सुई पहिल्याच टाक्याला करते. घरच्या मशीनवर टी-शर्टचे कापड ज्यांनी शिवून पाहिले असेल त्यांना हा अनुभव नवा नाही. मधलेच टाके सुटतात, कड लाटेसारखी फुगते, आणि सारे नीट जमले असे वाटत असतानाच गळा डोक्यातून घालताना टीप तटकन तुटते. अशा वेळी घरातून किंवा शिवणवर्गातून जो निवाडा मिळतो तो ठरलेला असतो: 'अजून हात बसलेला नाही.' या निवाड्याची तपासणी इतिहासाच्या आधारे करावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

आरंभ कापडापासून करू. १५८९ साली इंग्लंडमधील नॉटिंगहॅमशायर परगण्यातील कॅल्व्हर्टन येथे विल्यम ली याने मोजे विणण्याची चौकट तयार केली. हातातील दोन सुयांचे काम तिने अनेक सुयांवर एकदम करून दाखविले. राणी एलिझाबेथने त्याला पेटंट नाकारले असे परंपरा सांगते. ली पुढे फ्रान्सला गेला, तेथे त्याला चौथ्या हेन्रीचा आश्रय मिळाला. पण १६१० मध्ये राजाची हत्या झाली आणि लीचे दिवस पालटले. त्याच्याविषयी एक आख्यायिका प्रसिद्ध आहे. ज्या तरुणीवर त्याचे मन जडले होते तिचे लक्ष सदैव विणकामात, म्हणून तिच्या हातातील सुया सोडविण्यासाठी त्याने हे यंत्र केले म्हणे. ही आख्यायिका लक्षात ठेवावी. तिची जोड पुढे येणार आहे.

लीच्या चौकटीवर मोजा पायाच्या आकारातच विणला जाई. फास कमी-अधिक करून घोटा आणि टाच घडवीत, त्यामुळे कापड कापण्याचा प्रसंग येत नसे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी काही मालकांनी रुंद चौकटींवर सपाट कापड विणून, ते कातरून आणि शिवून स्वस्त मोजे विकावयास प्रारंभ केला. हे मोजे कातरलेल्या कडेपाशी उसवत. धंद्याचे नाव बुडते आणि मजुरीही घसरते, अशी विणकरांची तक्रार होती. १८११-१२ मध्ये नॉटिंगहॅमशायरच्या लडाइटांनी चौकटी फोडल्या, त्यामागच्या कारणांत ही तक्रार महत्त्वाची होती. चौकटी फोडणाऱ्यास देहान्त शिक्षा देणाऱ्या विधेयकाविरुद्ध २७ फेब्रुवारी १८१२ रोजी लॉर्ड्सच्या सभागृहात एका चोवीस वर्षांच्या सरदाराने आपले पहिले भाषण केले; तो म्हणजे कवी बायरन. विधेयक संमत झाले. बायरनच्या चरित्रात या भाषणाचा उल्लेख सर्वत्र येतो, परंतु त्या दंग्याच्या कारणांत उसवणारी शिवण होती ही गोष्ट सहसा येत नाही. फासांचे कापड कातरून शिवावे कसे, हा प्रश्न शिलाई मशीन घरोघरी येण्याच्या कितीतरी आधी असा विचारला गेला होता.

आता यंत्राकडे वळू. १८४६ साली अमेरिकेत इलायस हाउ याने दोन धाग्यांच्या टाक्याचे पेटंट घेतले. वरचा धागा सुईतून उतरतो, खालचा धागा शटल वाहून नेते, आणि कापडाच्या पोटात दोहोंची अढी पडते. शटल म्हणजे मागावरचा धोटाच. हाउने उमेदवारीही लोवेल येथील कापडधंद्यात केली होती. या टाक्याचे कूळ असे मागाशी पोचते. म्हणून त्याने एक गोष्ट गृहीत धरली: शिवायचे कापड ताणणार नाही. सरळ टिपेतील धाग्याची लांबी ठरलेली असते. मागावरच्या कापडाला ती पुरते. फासांचे कापड ओढले असता फास आपला आकार बदलतात व कापड वाढते, धागा मात्र वाढत नाही; तो तुटतो. टाके सुटण्याचे कारणही असेच आहे. सुई तळ गाठून किंचित वर येताना तिच्यामागे धाग्याचा लहानसा फुगा तयार व्हावा लागतो, तोच खालच्या आकड्याने पकडायचा असतो. लवचिक कापड सुईला चिकटून तिच्याबरोबर वर उचलले जाते, फुगा होत नाही आणि आकडा रिकामा फिरतो. तीक्ष्ण टोक धाग्यालाच भोसकते आणि तुटलेल्या फासापासून कापड शिडीसारखे उसवत जाते. यांपैकी एकही दोष शिवणाऱ्याच्या हाताचा नाही.

यंत्राच्या या दुसऱ्या टप्प्यालाही एक प्रेमकथा चिकटली आहे. १९२४ साली एका संभाषणात यंत्रांविषयी बोलताना गांधीजींनी सिंगरच्या शिलाई मशीनला अपवाद म्हणून मान्यता दिली. पत्नीचे शिवणाचे कष्ट पाहून सिंगरने केवळ प्रेमापोटी ते यंत्र घडविले, असे त्यांनी सांगितले. इतिहास याहून कोरडा आहे. आयझॅक सिंगर बोस्टनमधील एका कारखान्यात आपले अक्षरे कोरण्याचे यंत्र खपविण्याच्या खटपटीत होता, तेथे दुरुस्तीला आलेली शिलाई यंत्रे त्याने पाहिली आणि १८५१ साली सुधारित यंत्राचे पेटंट घेतले. ली आणि सिंगर, दोघांच्याही कथेत स्त्री आहे. परंतु ती यंत्राचे निमित्त म्हणून आहे. यंत्राविषयी तिला काही कळत असेल, अशी शक्यता दोन्ही कथांना सुचत नाही.

जिला ते कळले होते तिच्याविषयी कोणतीच आख्यायिका नाही. मेन राज्यातील पोर्टलंडची हेलन ब्लँचर्ड हिने १८७३ साली नागमोडी टाक्याच्या यंत्राचे पेटंट घेतले. नागमोडी टिपेत धागा तिरका धावतो, त्यामुळे कापडाच्या लांबीहून अधिक धागा शिवणीत साठून राहतो. कापड ताणले की तिरक्या रेषा उघडतात, सोडले की मिटतात. विणलेल्या कापडाची कड शिवता शिवताच कातरणारे यंत्रही तिने केले. दोन डझनांहून अधिक पेटंटे तिच्या नावावर आहेत. म्हणजे लडाइटांनी ज्या उसवणाऱ्या कडेविरुद्ध हत्यार उचलले होते तिला उत्तर मिळाले होते. मात्र ते कारखान्यांना मिळाले. कनेक्टिकटमधील मेरो कुटुंबाच्या गिरणीतून ओव्हरलॉक यंत्रे निघाली, तीही कारखान्यांसाठीच. घरातील मशीन दीर्घकाळ सरळ टीपच मारीत राहिले. नेक्की, बर्निना यांसारख्या युरोपीय कंपन्यांनी नागमोडी टाका घरात आणला तो विसाव्या शतकाच्या दुसऱ्या पादात.

दरम्यान कापड बदलत होते. पहिल्या महायुद्धाच्या काळात शानेलने अंतर्वस्त्रांचे जर्सी कापड स्त्रियांच्या बाहेरच्या पोशाखात आणले. १९५८ साली ड्यूपाँमध्ये जोसेफ शिव्हर्स यांनी स्पँडेक्सचा धागा सिद्ध केला. 'लायक्रा' हे त्याचे व्यापारी नाव. १९६०च्या दशकात असे कापड बाजारात भरपूर आले, ते घरी शिवण्याची विद्या मात्र कोणी दिली नाही. ती ओरेगॉन राज्यातील युजीन येथील ॲन पर्सन या गृहिणीने सिद्ध केली, वर्ग घेतले, आणि 'स्ट्रेच अँड सू' या नावाने दुकाने व कापण्याचे नमुने देशभर पोचविले. तिच्या विद्यार्थिनींच्या हातात बहुधा घरातलेच मशीन होते. बदलले ते मशीनविषयीचे ज्ञान.

आपल्याकडे या इतिहासाचे एक वेगळेच वळण दिसते. नागमोडी टाका आपल्या गल्लीत आला तो साडीच्या काठासाठी, आणि त्याचे नाव झाले 'पिको'. ओव्हरलॉक आले ते 'इंटरलॉक' होऊन, ब्लाउजच्या आतील कडा बांधण्यासाठी. घरात काळे, सरळ टिपेचे मशीन, आणि कोपऱ्यावर 'फॉल, पिको, इंटरलॉक करून मिळेल' ही पाटी, अशी वाटणी झाली. गंजीफ्रॉक तिरुपूरहून आणि स्वेटर लुधियानाहून तयार येत. फासांचे कापड घरी शिवण्याची वेळच क्वचित येई. आली तेव्हा बाईने काळ्या मशीनवर प्रयत्न केला, टीप तुटली आणि दोष हाताला लागला. उपाय मात्र साधे आहेत: गोल टोकाची सुई, दाबपट्टीचा दाब थोडा कमी, कापडाखाली पातळ कागद, मशीनला येत असेल तर अरुंद नागमोडी टीप, आणि कापड मागून न ओढणारा हात.

कोणत्याही साधनाच्या आत एक गृहीत शिवलेले असते. ते ज्याला जुळत नाही त्याला आपण अकुशल म्हणतो. समीक्षेच्या साधनांनाही हे लागू आहे, असे आम्हांस वाटते. ओवी किंवा लोककथा चौकटीत बसेनाशी झाली की आपण तिला विस्कळीत ठरवितो. तो विषय येथे वाढवीत नाही. एवढेच म्हणतो की पुढच्या वेळी एखादी शिवण तुटलेली दिसली, तर हात पाहण्यापूर्वी सुईचे टोक पाहावे.