शर्यत पाहण्याची सुट्टी



नॉर्वे, फिनलंड अशा बर्फाळ देशांत हायस्कुलातली मुले पायांना लांब फळ्या बांधून रानावनांतून कोसाकोसांची शर्यत करतात. तिला ते स्कीइंग म्हणतात. या शर्यतीला आखाडा नाही की रिंगण नाही. वाटेच्या एखाद्या वळणावर आईबाप उभे असतात. त्यांचे मूल येते, चार पळे दिसते आणि झाडीत नाहीसे होते. तेवढ्या चार पळांसाठी ती माणसे थंडीत ताटकळत असतात. आपल्या हिंगणीला बर्फ नाही. बोर नदी आहे, धरण आहे, पलीकडे वाघाचे जंगल आहे आणि सभोवार पऱ्हाटी आहे. परंतु शेताशिवारांतून, चढउतारांवरून पळावयाची तशीच एक शर्यत आपल्या शाळांतही आहे. मुले तिला क्रॉसकंट्री म्हणतात. तिच्यात पळणाऱ्या मुलांविषयी बोलणारे पुष्कळ आहेत. मला आज वळणावर उभ्या असलेल्या आईबापांविषयी बोलावयाचे आहे. कारण हे आईबाप तेथे केव्हापासून उभे राहू लागले आणि कोणाचे अजूनही उभे नाहीत, हा इतिहासाचा प्रश्न आहे.

पोरांचा पराक्रम पाहणे ही आपल्याकडे नवी गोष्ट नव्हे. जत्रेतल्या कुस्त्या सारा गाव पाही. परंतु तो दिवस देवाचा असे. त्या दिवशी नांगर उभा राही, मोट थांबे, आणि पाहावयास जाण्यासाठी कोणाची परवानगी लागत नसे. गिरणी आली आणि हा हिशेब मोडला. १८७७ च्या १ जानेवारीला जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल नागपुरात सुरू झाली. मुंबईत गिरण्या त्याच्याही आधी निघाल्या होत्या. गिरणीच्या भोंग्याला जत्रा ठाऊक नव्हती. उजाडल्यापासून मावळेपर्यंत यंत्र चाले आणि यंत्राबरोबर माणूस. बहुतेक ठिकाणी यंत्राची साफसफाई करावयाची म्हणून रविवारचेही काही तास जात. ज्याला आपले मूल जागे असताना पाहावयास मिळत नाही, तो त्याची शर्यत कोठून पाहणार?

हा हिशेब पुन्हा माणसाच्या बाजूने मांडणारा पहिला मराठी माणूस म्हणजे नारायण मेघाजी लोखंडे. महात्मा फुल्यांचे ते सहकारी. ‘दीनबंधु’ पत्र त्यांनी चालविले. १८८४ साली त्यांनी मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा भरविल्या आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज केला. आठवड्यातून एक दिवस सुट्टी, दुपारी अर्धा तास विसावा, पगार पंधरा तारखेच्या आत, कामावर जायबंदी झालेल्यास मदत, अशा त्यातल्या मागण्या. आज वाचताना त्या किती साध्या वाटतात! तरी पहिल्या मागणीस सहा वर्षे लागली. १८९० च्या एप्रिलात सुमारे दहा हजार कामगारांची सभा झाली. तीत दोन कामगार स्त्रियांनीही भाषणे केली. अखेर १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली, आणि १८९१ च्या कारखाना कायद्याने साप्ताहिक सुट्टी कायद्यात आली. पुढे १९२२ साली आठवड्याचे तास साठावर आले, १९३४ साली चोपन्नावर, आणि १९४८ साली अठ्ठेचाळीसावर. अर्जापासून अठ्ठेचाळीस तासांपर्यंत यावयास चौसष्ट वर्षे गेली. आज एखादा बाप रविवारी मुलाचे बोट धरून मैदानावर जातो, तेव्हा ती चौसष्ट वर्षे त्याच्या खिशात असतात. त्याला ते ठाऊक नसते इतकेच.

बर्फाळ देशांतही ही गोष्ट आकाशातून पडली नाही. फिनलंडात आठ तासांच्या दिवसाचा कायदा १९१७ साली झाला, नॉर्वेत १९१९ साली. त्याच १९१९ साली फिनलंडच्या कामगारांनी आपला स्वतंत्र क्रीडासंघ काढला. १९२५ साली जर्मनीतल्या श्रायबरहाऊ या डोंगरी गावी कामगारांचे हिवाळी ऑलिंपिक भरले, आणि त्याच वर्षी उन्हाळी ऑलिंपिक फ्रांकफुर्टला. कामाचे तास कमी झाले तसा कामगार बर्फावर दिसू लागला. कोणी पळावयास, कोणी पाहावयास. तास आणि खेळ यांचा संबंध इतका सरळ आहे.

रानातली शर्यत मूळची मात्र सुखवस्तूंची. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात इंग्लंडातल्या श्रूसबरी, रग्बी अशा श्रीमंतांच्या शाळांत ती वाढली. एक मुलगा ससा होऊन कागदाचे कपटे टाकीत पुढे पळे आणि बाकीचे शिकारी कुत्रे होऊन त्याचा माग काढीत. शिकार करणाऱ्यांच्या मुलांनी शिकारीचाच खेळ केला, हे ओघानेच आले.

आपल्याकडे ही वाट कष्टकऱ्यांच्या पोरांनी घेतली. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या सामन्यांत अनवाणी पळणारे शेतकरी जमशेटजींचे चिरंजीव दोराबजी टाटा यांनी पाहिले, आणि यांना जगाच्या स्पर्धेत पाठवावे असे त्यांच्या मनाने घेतले. बाप कापूस पाहून नागपुरास आला. मुलाने माणसांच्या पायांतली ताकद पाहिली. १९२० साली बेल्जममधल्या अँटवर्प ऑलिंपिकला जो हिंदी संघ गेला, त्यात बेळगावचे फडेप्पा दरेप्पा चौगुले होते. मॅरेथॉनमध्ये ते २ तास ५० मिनिटे ४५ सेकंदांत एकोणिसावे आले. त्या रस्त्यावर, परमुलखात, त्यांच्या घरचे उभे राहणे कसे शक्य होते?

शंभर वर्षांनी तरी चित्र पालटले काय? नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाडा या आदिवासी पाड्यावरच्या कविता राऊत यांनी २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल सामन्यांत दहा हजार मीटरचे कांस्यपदक घेतले. माणदेशातल्या मोही गावच्या ललिता बाबर २०१६ साली रिओ ऑलिंपिकच्या स्टीपलचेस अंतिम शर्यतीत धावून दहाव्या आल्या. बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचे अविनाश साबळे यांचे आईबाप वीटभट्टीवर राबलेले. शाळा लांब, म्हणून पोर रोज पळत जाई. बारावीनंतर ते महार रेजिमेंटमध्ये भरती झाले, सियाचेनच्या बर्फात त्यांनी चाकरी केली, आणि क्रॉसकंट्री शर्यतीत ते सैन्यात असतानाच, २०१५ साली उतरले. २०२२ साली बर्मिंगहॅमला त्यांनी ८ मिनिटे ११.२० सेकंदांत रौप्यपदक मिळविले. सुवर्ण अवघ्या पाच शतांश सेकंदांनी हुकले. या तिघांची पदके व क्रमांक आपणांस पाठ आहेत. परंतु वीटभट्टीवर मजुरी विटांच्या हजारावर मोजतात. हात थांबला की मजुरी थांबली. शाळेच्या शर्यतीस जाणारा बाप तेथे एक दिवस हरवतो, आणि तो दिवस त्याला कोणी परत देत नाही.

आपल्या शिवारात हेच निराळ्या रूपाने आहे. शालेय स्पर्धा तालुक्यावरून जिल्ह्यास, जिल्ह्यावरून विभागास चढत जातात त्या पावसाळ्याच्या उतारापासून हिवाळ्यापर्यंत. नेमक्या त्याच दिवसांत बोंडे फुटतात आणि वेचणी लागते. वेचणीची मजुरी किलोवर. संध्याकाळी काट्यावर जितके भरेल तितके. पोरगी वर्ध्याच्या मैदानावर पळत असते तेव्हा आई ओटीत कापूस घेऊन धुऱ्यापासून धुऱ्यापर्यंत चालत असते. १९४८ च्या किमान वेतन कायद्याने शेतमजुरांसही आपल्या कक्षेत घेतले आणि आठवड्यातला एक दिवस भरपगारी विश्रांतीचा असावा असे म्हटले. गिरणीत तो दिवस आला, कारण तेथे मागणारी संघटना होती. वावरात तो आला नाही. संघटनेत जन्म घालविलेल्या माझ्यासारख्या माणसास एवढे कळते, की मागणारा नसेल तर कायदा पुस्तकातच झोपतो.

कोणी म्हणेल, आधी पोटाचे पाहा. शर्यत पाहण्याचे लाड कशाला? असे म्हणणाऱ्याने या शर्यतीचे गुण कसे मोजतात ते पाहावे. सांघिक क्रॉसकंट्रीत संघातल्या ठरलेल्या धावपटूंचे क्रमांक मिळवितात; ज्यांची बेरीज कमी तो संघ जिंकला. म्हणजे पहिला आलेला मुलगा एकटा संघास जिंकवीत नाही. मागे चाळिसावा पळणारा थकून चालू लागला, की सारी बेरीज बिघडते. पहिल्यास टाळ्या मिळतातच. चाळिसाव्यास वळणावर कोणी तरी आपले माणूस लागते. त्याने नुसते नाव घेऊन हाक मारली तरी पाय उचलतो. आणि त्या माणसालाही काही मिळते. आपल्या मुलाची छाती किती भरते, ते किती सोसते, हे त्याला प्रथमच स्वतःच्या डोळ्यांनी दिसते. घरी आणलेल्या प्रमाणपत्रावरून ते कळत नाही.

तेव्हा करावयाचे काय? दोन गोष्टी सुचवितो. खेड्यात बाजाराच्या दिवशी मजुरांची कामे बहुधा बंद असतात; तोच त्यांचा रविवार. शाळांनी आपल्या गावच्या शर्यती त्या दिवशी घ्याव्यात. दुसरी गोष्ट अशी, की या शर्यतीस मैदानाची गरज नाही. ती वावरांच्या कडेने, गाडरस्त्याने न्यावी, म्हणजे वेचणीवरची बाईसुद्धा पाच मिनिटे धुऱ्यावर येऊन उभी राहू शकेल. एवढ्याने भागणार नाही हे मी जाणतो. भरपगारी सुट्टीची मागणी शेतमजुरांनी एकत्र येऊन करावीच लागेल, आणि तिलाही वर्षे लागतील. १८८४ च्या अर्जावर सह्या करणाऱ्या साडेपाच हजारांपैकी कित्येकांस १८९० चा तो रविवार पाहावयास मिळाला नसेल. त्यांच्या मुलांना तो मिळाला.