पुरणाचा कट आणि बिनअंड्याचं मेयोनेज

हरभऱ्याची डाळ बोटात दाबून मऊ लागली, की ती रोवळीत किंवा चाळणीत उपसायची. वरची डाळ गुळाबरोबर पुरणाला जाते आणि खाली पातेल्यात पिवळसर, हाताला किंचित चिकट लागणारं पाणी उतरतं. तो कट. होळीच्या दिवशी गिरगावातल्या चाळीतून दुपारी बाराच्या सुमारास चालत गेलं तर दर दुसऱ्या दारातून त्या कटाच्या आमटीचा वास येतो: गोडा मसाला, भाजलेलं सुकं खोबरं, चिंच, गूळ आणि वरून कढीपत्त्याची फोडणी. पुरण कितीही सुरेख जमलं तरी ह्या आमटीशिवाय पान पुरं होत नाही. कट फेकून देणारी सुगरण मी आजवर पाहिलेली नाही. ज्यांच्याकडे त्या दिवशी आमटी होणार नसते, त्या शेजारणीला देतात.

पुरणपोळीचं वय मोठं आहे. कल्याणीच्या चालुक्य घराण्यातल्या तिसऱ्या सोमेश्वराच्या ‘मानसोल्लास’ ह्या बाराव्या शतकातल्या ग्रंथात आजच्या पोळीशी जुळणारा पदार्थ येतो. डाळ शिजवून पुरण केलं म्हणजे पाणी उरणारच. म्हणून कट वापरण्याची रीतही तेवढीच जुनी असावी असा माझा कयास आहे. ती एकट्या मराठी मुलखाची नाही. धारवाड-बेळगावकडे ह्याच पाण्याचं ‘कट्टिन सारु’ होतं आणि म्हैसूरकडे ‘ओब्बट्टिन सारु’. घाटाच्या अलीकडे-पलीकडे सगळ्यांनी ह्या पाण्याचा एकच उपयोग ओळखला, तो म्हणजे पातळ, आंबटगोड, भाताबरोबर ओरपायचा पदार्थ.

पण कटाला आणखी एक गुण आहे आणि तो रोज आपल्या डोळ्यांसमोर असतो. डाळ उकळताना फेस वर येतो, पातेल्याचं झाकण उचलतो, कुकरच्या शिट्टीतून बाहेर उडतो. आपण तो पळीनं काढून टाकतो. डाळीतून पाण्यात उतरलेली प्रथिनं, थोडं पिष्ट आणि सॅपोनिन नावाची द्रव्यं ह्यांच्यामुळे हा फेस होतो. ही द्रव्यं हवेच्या बुडबुड्याभोवती पडदा धरतात. जे हवेला धरतं ते तेलाच्या थेंबालाही धरू शकतं. नेमक्या ह्याच गोष्टीवर मेयोनेज उभं आहे.

मेयोनेजच्या जन्माची सांगितली जाणारी गोष्ट १७५६ सालची. फ्रेंच सरदार रिशेल्यूनं भूमध्य समुद्रातल्या मिनोर्का बेटावरचं माओन बंदर जिंकलं आणि त्याच्या आचाऱ्यानं विजयाच्या मेजवानीत हा सॉस केला, अशी दंतकथा आहे. खरं असो नसो, एकोणिसाव्या शतकात फ्रेंच स्वयंपाकघरात तो पक्का बसला. अंड्याच्या पिवळ्या बलकात तेल थेंबथेंब घालत घोटायचं. बलकातलं लेसिथिन आणि प्रथिनं तेलाच्या बारीक थेंबांना वेढतात आणि तेल-पाणी एकजीव राहतं. १९१२ साली न्यूयॉर्कमध्ये रिचर्ड हेलमन ते काचेच्या बरण्यांत भरून विकू लागला आणि पुढे ते जगभर गेलं.

मुंबईत मात्र अंडं अडलं. ह्या शहराच्या खाण्याचा मोठा भाग वर्ज्य पदार्थांनी घडवलेला आहे. वरणात कांदा नको, लसूण नको, उपवासाला धान्य नको, चातुर्मासात वांगं नको. रस्त्यावरच्या सँडविचवाल्याकडे बटाट्याशिवायचं ‘जैन सँडविच’ मागितलं तर तो मान वर न करता करून देतो. अशा शहरात मेयोनेज यायचं तर अंडं सोडूनच येणार. १९७४ साली तरला दलालांचं पहिलं पुस्तक आलं आणि परदेशी पदार्थ बिनअंड्याचे करण्याची वाट मध्यमवर्गीय घरांना सापडली. मेयोनेजची जी कृती घरोघरी वहीत उतरवून घेतली गेली, तिच्यात कंडेन्स्ड मिल्क, मोहरीपूड, तेल आणि व्हिनेगर असतं. आंबट पडलं की दाट दुधातलं प्रथिन आळतं आणि चमच्यानं उचलता येईल असा सॉस होतो. चवीला गोडसर लागतो, पण वाढदिवसाच्या पार्टीतलं रशियन सॅलड त्यावर निभावलं. पुढे तयार पाकिटं आली. २००८ साली जर्मनीच्या डॉ. ओटकर कंपनीनं दिल्लीची फन फूड्स विकत घेतली आणि ‘व्हेज मेयो’ दादरच्या किराणा दुकानांपर्यंत सहज पोचलं.

इथे एक गाठ पडली आहे, आणि ती सोडवायला हवी असं मला कळकळीनं वाटतं. आपलं बिनअंड्याचं मेयोनेज व्रतातून आलं, आजारातून नाही. व्रताला अंडं चालत नाही, दूध चालतं. २००१ च्या नियमांनी पाकिटावर आलेला हिरवा ठिपकाही तेवढंच सांगतो, की आत मांस, मासे, अंडं नाही. दुधाबद्दल, सोयाबद्दल, मोहरीबद्दल, दाण्याबद्दल तो काहीच सांगत नाही. अंडं आणि दूध दोन्ही न सोसणाऱ्या मुलाच्या आईनं हिरवा ठिपका बघून बाटली उचलली, तर तिची फसगत होऊ शकते. तिनं मागच्या बाजूची बारीक अक्षरं वाचायची. २०२० च्या लेबल नियमांनुसार गहू वगैरे ग्लूटेनची धान्यं, दूध, अंडं, मासे, कोळंबीसारखे कवचधारी जीव, शेंगदाणा, काजू-बदाम आणि सोयाबीन ह्यांचा उल्लेख पाकिटावर करावा लागतो. युरोपच्या यादीत मोहरी आणि तीळही आहेत.

दुधाशिवायचा रस्ता फार अलीकडे सापडला, आणि तो कटाकडेच आला. २०१४ साली जोएल रोसेल ह्या फ्रेंच गायकाच्या लक्षात आलं की डब्यातल्या कडधान्याचं पाणी घुसळलं तर अंड्याच्या पांढऱ्यासारखं फुगतं. पुढच्या वर्षी गूस वोल्ट ह्या अमेरिकन माणसानं नुसतं काबुली चण्याचं पाणी आणि साखर एवढ्यावर मेरँग करून दाखवलं. २०१६ साली न्यूयॉर्कच्या एका कंपनीनं हमसच्या कारखान्यात उरणारं चण्याचं पाणी घेऊन मेयोनेज बाटलीत भरलं. काबुली चणा आणि आपली हरभऱ्याची डाळ एकाच झाडाच्या जातीची. तेव्हा हे पाणी म्हणजे कटच. आपल्याकडे ते आठशे वर्षं पातेल्यात होतं म्हणून शोध आपला, असं म्हणणं मला पटत नाही. आपण त्याची आमटी केली, त्यात तेल घोटून पाहिलं नाही. घोटणाऱ्याला त्याचं श्रेय द्यावं, आणि आपल्या घरात पाणी आधीच आहे ह्याचा फायदा घ्यावा.

फक्त पुरणाचा कट आहे तसा चालत नाही, तो फार पातळ असतो. शिवाय डाळ शिजवताना हळद आणि तेल घालायची सवय असते. ड्रेसिंगसाठी राखायचा तर दोन्ही टाळायचं. गाळलेला कट मंद आचेवर आटवावा. एक तृतीयांश उरला आणि बोटांमध्ये अंड्याच्या पांढऱ्यासारखा सुळसुळीत लागला, की उतरवून फ्रिजमध्ये गार करावा. गार झाल्यावर तो थोडा थिजतो, तेच हवं असतं. मग उभट भांड्यात तीन मोठे चमचे कट, एक मोठा चमचा लिंबाचा रस, पाव चमचा मीठ, चिमूटभर साखर आणि चालत असेल तर अर्धा चमचा मोहरीपूड घ्यावी. मोहरी चवीपुरती नसते, तीही तेलाला धरून ठेवते. ती चालत नसेल तर गूळ पडायच्या आधी बाजूला काढलेली शिजलेली डाळ चमचाभर घालावी, तिनं अंग येतं. हँड ब्लेंडर चालू ठेवून साधारण दीडशे मिलिलिटर तेल अगदी बारीक धारेनं सोडावं. पहिल्या चार चमच्यांना घाई केली की सगळं फुटतं. फुटलं तर टाकू नये. दुसऱ्या भांड्यात चमचाभर नवा कट घेऊन त्यात हे फुटलेलं मिश्रण हळूहळू घोटत जावं. मिक्सरच्या चटणीच्या भांड्यातही होतं, पण ते भांडं तापतं आणि सॉस सैल राहतो. अंड्याच्या मेयोनेजइतकं हे घट्ट होत नाही. काकडी, टोमॅटो, उकडलेलं बीट ह्यांच्यावर ओतायला मात्र पुरेसं दाट होतं. त्यात टिकवणारं काही नसल्यामुळे फ्रिजमध्ये ठेवून तीन-चार दिवसांत संपवावं.

तेल कोणतं, हा प्रश्न ॲलर्जीच्या घरात चवीचा नसतो. घाण्याच्या शेंगदाणा तेलात दाण्याची प्रथिनं राहतात. दाण्याची ॲलर्जी असलेल्याला ते वर्ज्य, सूर्यफुलाचं किंवा राइस ब्रॅनचं चालावं. मराठी घरात दाणा सगळीकडे आहे. दक्षिण अमेरिकेतून आलेल्या ह्या शेंगेनं आपली कोशिंबीर इतकी व्यापली की काकडीला सुटलेलं पाणी दाण्याच्या कुटानंच आळायचं, हे आपल्याला उपजत वाटतं. ज्या भांड्यात सकाळी कूट केलं त्याच भांड्यात दुपारी ड्रेसिंग घोटलं, तर साहित्यात दाणा नसूनही तो मुलाच्या पोटात जातो. म्हणून भांडं, पाती, झाकणाचं रबर आणि चमचा वेगळे ठेवावेत. हिंगाचंही तसंच. बाजारातला बांधणीचा हिंग बहुधा गव्हाच्या किंवा तांदळाच्या पिठात बांधलेला असतो. गहू न चालणाऱ्याच्या ड्रेसिंगमध्ये किंवा आमटीच्या फोडणीत तो घालण्याआधी डबीवरचं साहित्य वाचावं.

आणि हरभरा? परदेशी कृतींमध्ये चण्याचं पाणी ‘ॲलर्जीमुक्त’ म्हणून बिनदिक्कत सुचवलेलं असतं. इथे ते जसंच्या तसं घेऊ नये. मुंबईतल्याच संशोधकांनी २००१ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हरभरा हा भारतीय उपखंडातला महत्त्वाचा ॲलर्जीकारक म्हणून नोंदवला आहे. आपण बेसन, डाळ, फुटाणे ह्या रूपांत तो लहानपणापासून खातो, त्यामुळे त्याची ॲलर्जीही इथे दिसते. ज्या मुलाला डाळीनं अंगावर गांधी उठतात किंवा ओठ सुजतात, त्याला कटाचं मेयोनेज द्यायचं नाही. ‘थोडं चाखवून बघू’ हा प्रयोग घरी करायचा नाही. तपासणी डॉक्टरांकडे, आणि परळसारख्या भागात तर मोठी रुग्णालयं हाकेच्या अंतरावर आहेत.

अशा मुलासाठी दुसरं घराणं आहे, लालबाग-परळचं. गिरणीत कामाला आलेल्या रत्नागिरी आणि आजच्या सिंधुदुर्गातल्या माणसांनी नारळाचा रस ह्या वस्तीत आणला. खोवलेला नारळ कोमट पाण्यात वाटून पिळला की पहिलं दूध निघतं, त्यात तेलाचे थेंब नारळाच्याच प्रथिनांनी धरलेले असतात. म्हणजे घोटायचं काम झाडानं आधीच केलेलं असतं. उकळलं की ते फुटतं, म्हणून सोलकढी आचेवर चढवत नाहीत. हेच दाट दूध रात्रभर फ्रिजमध्ये ठेवावं, वर जमलेली साय काढून घ्यावी आणि तिच्यात थोडं कोकमाचं आगळ, वाटलेली लसूण, हिरवी मिरची आणि मीठ फेटावं. गुलाबी, दाट ड्रेसिंग होतं. अंडं नाही, दूध नाही, दाणा नाही, गहू नाही, हरभरा नाही. अमेरिकेच्या अन्न-औषध खात्यानं बरीच वर्षं नारळ काजू-बदामांच्या यादीत धरला होता, जानेवारी २०२५ मध्ये तो वगळला. नारळाची ॲलर्जीही असते, पण कमी आढळते. गाजराचा कीस आणि बारीक चिरलेला कोबी ह्यांना हे ड्रेसिंग सर्वांत छान लागतं. काकडीवर घालायचं असेल तर काकडी आधी मीठ लावून पिळून घ्यावी, नाहीतर पाच मिनिटांत ताटात पाणी होतं.