नारळाच्या काथ्यापासून मजबूत जैवप्लास्टिक: तंतूंवरील अल्कली प्रक्रिया

सावंतवाडी परिसरात नारळाची सोडणे अनेकदा चुलीत जातात. त्यातला काथ्या मका किंवा उसाच्या साखरेपासून बनणाऱ्या पीएलए या जैवप्लास्टिकमध्ये मिसळता येतो. मात्र कच्चा काथ्या तसाच मिसळल्यास वस्तू कमकुवत होते.

कारण
तंतू पाणी शोषतो, प्लास्टिक पाण्याला दूर ठेवते. शिवाय काथ्यावर मेणाचा थर असतो. त्यामुळे पकड बसत नाही आणि ताण आला की तंतू सुटून येतो.

प्रक्रिया
१. तंतू धुऊन वाळवा.
२. कॉस्टिक सोड्याच्या ५ टक्के द्रावणात (१ लिटर द्रावणात ५० ग्रॅम) भिजवा. मेण निघून पृष्ठभाग खरखरीत होतो.
३. पुन्हा पुन्हा धुवा. शेवटी पातळ अ‍ॅसिटिक आम्लाने सामू ७ वर आणा.
४. उन्हात व नंतर ओव्हनमध्ये सुमारे ८० अंश सेल्सिअसला वाळवा.

द्रावण फार तीव्र केल्यास तंतूच कमजोर होतो. म्हणून आधी थोड्या काथ्यावर प्रयोग करा. लाकडी खेळण्यांच्या कामातील भुशालाही हेच तत्त्व लागू आहे.

पावसाळ्यात विशेष लक्ष
कोकणातील दमट हवेत वाळलेला काथ्या पुन्हा ओलावा घेतो. ओलसर तंतूंमुळे पीएलए वितळताना विघटित होते. तंतू हवाबंद ठेवा. मिश्रणाचे तापमान २०० अंशांखाली ठेवा.

काळजी
हातमोजे व चष्मा वापरा. सोडा पाण्यात थोडा थोडा घाला; सोड्यावर पाणी ओतू नका. अ‍ॅल्युमिनियमचे भांडे टाळा. वापरलेले द्रावण ओहोळात किंवा बागेत सोडू नका.