बुलढाण्याची एक वाचक

१८८२ साली पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यातून एक पुस्तक बाहेर पडलं. प्रती ५००, किंमत नऊ आणे. लेखिका ताराबाई शिंदे, राहणार बुलढाणा. आज आपण त्या पुस्तकाला नुसतं 'स्त्रीपुरुष तुलना' म्हणतो. मूळ नाव बरंच लांबलचक होतं आणि सगळं भांडण त्या नावातच होतं : स्त्रिया आणि पुरुष यांच्यात 'साहसी' कोण, हे स्पष्ट करून दाखवण्यासाठी लिहिलेला निबंध.

या 'साहसी' शब्दापाशी जरा थांबायला हवं, कारण तो आपल्याला फसवतो. आज साहसी म्हटलं की डोळ्यांपुढे सुळके चढणारी मुलगी येते. तेव्हा साहस म्हणजे अविचाराने केलेलं, पुढचामागचा विचार सोडलेलं कृत्य. पार गुन्ह्यापर्यंत जाणारं. म्हणजे नावातला प्रश्न 'शूर कोण?' असा नाही. 'बेताल कोण, गुन्हेगार कोण?' असा आहे. मी हे पुस्तक पहिल्यांदा फोनवर, स्कॅन केलेली पानं बोटांनी मोठी करत वाचायला घेतलं, तेव्हा पहिली वीसेक पानं याच गैरसमजात गेली होती.

स्पर्धा परीक्षांच्या गाइडमध्ये या पुस्तकाला एक ओळ असते : पहिलं स्त्रीवादी पुस्तक, लेखिका अमुक, साल तमुक. ओळ चुकीची नाही. पण एवढंच पाठ केलं की एक गोष्ट निसटते. हे आधी एका वाचकाचं पुस्तक आहे. घरात बसून हाताला लागेल ते वाचणाऱ्या, वाचताना चिडणाऱ्या आणि एक दिवस ते सगळं कागदावर काढणाऱ्या बाईचं.

त्यांच्या वाचनात काय काय होतं? पुस्तकात त्या नावंच घेतात. 'मुक्तामाला', 'मंजुघोषा', 'मनोरमा' नाटक, बायकांच्या कावेबाजपणाच्या गोष्टी सांगणारं 'स्त्रीचरित्र'. यातलं एकही नाव आज तुमच्या ओळखीचं असेल असं वाटत नाही. मराठीचा अभ्यास करणारे सोडले तर कुणाच्याच नसेल. पण त्या काळी ही वाचली जाणारी पुस्तकं होती. लक्ष्मण मोरेश्वर शास्त्री हळबे यांची 'मुक्तामाला' १८६१ची. मराठीत कादंबरी म्हणावं असं तेव्हा फारसं काही नव्हतंच. सद्गुणी नायिका, तिच्यावर कोसळणारी संकटांची मालिका, खल पुरुष, ताटातूट आणि शेवटी सगळं गोड, हा साचा हळब्यांनी बसवला आणि पुढची वीस वर्षं तो धो धो चालला. 'मनोरमा' हे महादेव बाळकृष्ण चितळे यांचं १८७१चं नाटक, मराठीतल्या अगदी सुरुवातीच्या सामाजिक नाटकांपैकी एक.

'मंजुघोषा' मात्र जरा सविस्तर सांगण्यासारखी आहे. १८६८ साली नारो सदाशिव रिसबूड यांनी ती लिहिली. कादंबरी अद्भुतरम्य, राजपुत्र-राजकन्यांची. पण तिच्या प्रस्तावनेत रिसबूड एक विलक्षण प्रामाणिक कबुली देतात. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं : आपल्या लोकांच्या आयुष्यात कादंबरी लिहावी असं काही घडतच नाही. लग्नं लहानपणी लागतात, प्रेम जमायला वावच नाही, दिवस एकासारखे एक. रोज घडतं ते जसंच्या तसं लिहिलं तर वाचणार कोण? मग अद्भुताकडे वळण्यावाचून लेखकाला गत्यंतर काय?

एका अर्थी बिचाऱ्यांचं चुकत नव्हतं. घराच्या ओसरीवर बसून पाहिलं तर खरंच काही घडताना दिसत नसेल.

आत, माजघरात काय घडत होतं हे त्याच्याही आधी एकाने लिहून ठेवलं होतं. बाबा पदमनजींचं 'यमुनापर्यटन' १८५७चं, विधवांच्या हालांवरचं. पण पदमनजी ख्रिस्ती झालेले, पुस्तकावर मिशनऱ्यांचा शिक्का. धर्मप्रसाराचं पुस्तक म्हणून ते बाजूला ठेवणं वाचकांना सोपं गेलं असणार.

ताराबाई माजघरातून वाचत होत्या. वडील बापूजी हरी शिंदे बुलढाण्याला डेप्युटी कमिशनरच्या कचेरीत हेडक्लार्क, सत्यशोधक विचारांचे. चार भावांत ही एकटी मुलगी. वडिलांनी मराठी, संस्कृत, इंग्रजी शिकवलं. पण कुटुंब मराठा, घरंदाज. बाईने उंबरठ्याबाहेर पडायचं नाही ही रीत तिथेही होतीच. प्रस्तावनेत त्या स्वतःच सांगतात की हा आपला पहिलाच प्रयत्न आहे आणि आपण घरात कोंडलेली बाई आहोत. ही नम्रता किती खरी मानायची हा प्रश्नच आहे, कारण पुढच्या पानांवर तिचा मागमूसही राहत नाही.

आता त्यांची वाचायची पद्धत पाहा. भर्तृहरीच्या शृंगारशतकात एक श्लोक आहे. स्त्री म्हणजे संशयांचा भोवरा, साहसांचं नगर, दोषांचं कोठार, कपटाचं घर अशी यादी असलेला. कीर्तनापासून गप्पांपर्यंत पुरुषांच्या तोंडी सहज येणारा. ताराबाई या श्लोकावर चिडून थांबत नाहीत. त्या तो सुटा करतात. एकेक आरोप उचलतात आणि विचारतात, हा गुण पुरुषात किती? कपट? मग खोटे दस्तऐवज कोण करतं, लाच कोण खातं, कोर्टात खोट्या शपथा कोण घेतं? संशय? बायकोला कुलपात ठेवतं कोण? आणि साहस? तुरुंग कोणी भरलेत ते जाऊन बघा.

पुराणंही या झडतीतून सुटत नाहीत. नवऱ्याचे प्राण आणायला सावित्री यमाच्या दारापर्यंत गेली, हे सगळेच सांगतात. बायकोचे प्राण आणायला यमाच्या दाराकडे निघालेला एक तरी नवरा कुणी ऐकला आहे का, असं त्या विचारतात. उलट पहिली गेली की लगेच दुसरीची बोलणी सुरू होतात, हे त्यांच्या आसपास रोज दिसत होतं. हा मुद्दा वाचताना मला हसू आलं आणि मग लक्षात आलं की सावित्रीची गोष्ट मी कमीत कमी पन्नास वेळा ऐकली असेल. हा प्रश्न एकदाही सुचला नाही.

कादंबऱ्या आणि नाटकांना त्या हाच न्याय लावतात. बाईचे छक्केपंजे रंगवणाऱ्या लेखकांनो, या बाया तुम्हाला भेटल्या कुठे? आणि त्यांना या वळणावर आणणारा पुरुष तुमच्या पुस्तकातून अलगद सुटतो कसा? समीक्षा म्हणून पाहिलं तर हे अन्यायाचं आहे. हळब्यांच्या मुक्तामालेला कुणी वाईट म्हणू शकणार नाही, ती सोशिकपणाचा पुतळा आहे. ताराबाई कथानक नीट सांगत नाहीत, भाषेबद्दल बोलत नाहीत, एका पुस्तकावरून दुसऱ्यावर उड्या मारतात. आज कुणी असं परीक्षण लिहिलं तर कमेंटमध्ये 'आधी पुस्तक पूर्ण वाचा' असा सल्ला मिळेल. पण त्यांना पुस्तकांना गुण द्यायचेच नव्हते. श्लोक, पोथी, नाटक, कादंबरी हे सगळं मिळून बाईविषयी एकच समज कसा पक्का करत जातं, हे त्या दाखवत होत्या. अद्भुत कादंबरी आणि शृंगारशतक एका ओळीत ठेवून वाचणं हे मराठीत त्यांच्याआधी कुणी केल्याचं मला माहीत नाही.

पुस्तकांवर मत द्यायचं कुणी, हे तेव्हा जवळपास ठरलेलं होतं. विष्णुशास्त्री चिपळूणकरांची 'निबंधमाला' १८७४ पासून निघत होती आणि मराठी ग्रंथांची उजवी-डावी ठरवण्याचं काम तिथे चालायचं. जोतीराव फुल्यांच्या पुस्तकांची तिथे भाषेवरून, व्याकरणावरून केलेली टिंगल प्रसिद्धच आहे. शास्त्रीबुवांचं लेखन ताकदीचं, यात वाद नाही. ते १७ मार्च १८८२ला गेले. त्याच साली, त्याच पुण्यात बुलढाण्याहून आलेलं हे बाड छापलं गेलं. व्याकरणाची कुणी परीक्षा घेतली असती तर ताराबाईंचं काही खरं नव्हतं. वाक्यं लांब, मध्येच शिवी, मध्येच म्हण, मध्येच थेट अंगावर येणारा प्रश्न. घरातली बाई भांडताना जशी बोलते तशी.

पण त्या लिहायला बसल्या त्याचं निमित्त कुठलंही पुस्तक नव्हतं. १८८१ साली सुरतेच्या कोर्टात विजयालक्ष्मी नावाच्या एका ब्राह्मण विधवेवर खटला चालला. लपवावं लागलेलं बाळंतपण आणि नवजात बाळाचा खून. फाशीची शिक्षा झाली. पुढे हायकोर्टात ती जन्मठेप काळ्या पाण्यावर आली आणि शेवटी पाच वर्षांवर. वर्तमानपत्रांना विषयच मिळाला. 'पुणे वैभव'मध्ये बायकांच्या बिघडलेल्या नीतीवर तोंडसुख घेणारं लिखाण आलं आणि ते ताराबाईंच्या वाचनात आलं. त्या बाळाला एक बापही असणार, ही साधी गोष्ट त्या गदारोळात कुणाच्या ध्यानात नव्हती. ताराबाईंच्या ध्यानात होती. गोड बोलून बाईला नादी लावणारा आणि वेळ आली की पसार होणारा पुरुष त्यांनी पुस्तकात नीट उभा केला आहे. हळबे-रिसबुडांच्या कुठल्याही खलपुरुषापेक्षा तो जास्त खरा वाटतो, कारण तो राक्षस नाही. शेजारी राहतो.

म्हणून मला रिसबुडांची प्रस्तावना आणि ताराबाईंचं पुस्तक शेजारी ठेवून वाचावंसं वाटतं. दोघांत चौदा वर्षांचं अंतर. एक लेखक म्हणतो, आपल्या घरांत काही घडतच नाही. एक वाचक म्हणते, घडतं. सुरतेला घडलं, इथेही घडतं, तुम्ही बघत नाही.

त्यांचं सगळंच पटतं असं नाही. पतिव्रताधर्मावर त्यांची श्रद्धा आहे. तो बायकांनी एकट्यांनीच का पाळायचा एवढीच तक्रार आहे. वेश्यांबद्दल त्या फार कठोर बोलतात. तिथे परिस्थिती, फसवणूक वगैरे त्यांना आठवत नाही, आणि इतक्या तीक्ष्ण वाचकाकडून ते खटकतं. राणीच्या राज्याचं कौतुकही आजच्या कानांना टोचेल. दुसरीकडे, सभा भरवून भाषणं ठोकणाऱ्या आणि घरी मात्र तसेच राहणाऱ्या सुधारकांची त्यांनी जी उडवली आहे ती कालच लिहिल्यासारखी आहे.

मग या पुस्तकाचं काय झालं? टीका, कुत्सित शेरे आणि नंतर शांतता. बाजूने ठाम उभे राहिले ते फुले. १८८५ साली 'सत्सार'च्या दुसऱ्या अंकात त्यांनी ताराबाईंची बाजू घेतली, आपल्याच गोटातल्या नाराजांना सुनावलं. पण एका अंकातल्या पाठिंब्यावर पुस्तक किती तगणार? ताराबाईंनी दुसरं पुस्तक प्रसिद्ध केलं नाही. पुढे सुमारे अठ्ठावीस वर्षं त्या जगल्या. हे वाक्य मी दोनदा लिहून खोडलं, कारण त्यातून काहीतरी करुण निष्कर्ष काढायचा मोह होतो. पण लिहिणाऱ्या बाईला घरात काय सोसावं लागे याचे पुरावे त्या काळात भरपूर आहेत. रमाबाई रानड्यांसारख्या न्यायमूर्तींच्या पत्नीलाही शिकते-वाचते म्हणून घरातल्या बायकांची किती बोलणी खावी लागली, हे त्यांनी आपल्या आठवणींत लिहून ठेवलंय. आणि ताराबाईंनी तर लोकांची पुस्तकं वाचून त्यांच्याच तोंडावर फेकली होती.

एक गंमत राहिली. ज्या 'पुणे वैभव'मधल्या लिखाणाने ताराबाईंना लिहायला बसवलं, त्याच 'पुणे वैभव'मध्ये १८८५ पासून एका तरुण लेखकाची कादंबरी क्रमशः छापून येऊ लागली. 'मधली स्थिती', लेखक हरि नारायण आपटे. राजपुत्र नाहीत, राक्षस नाहीत, पुण्यातली साधी घरं. पाच वर्षांनी 'करमणूक'मध्ये त्यांची 'पण लक्षात कोण घेतो!' सुरू झाली आणि एका बाईने आपल्या तोंडाने सांगितलेलं माजघर मराठी वाचकाने अंकामागून अंक वाचलं. या दोन गोष्टींत मी धागा जोडत नाही. ज्या घरांत काहीच घडत नव्हतं, त्यांत आता कादंबऱ्या सापडू लागल्या, एवढंच.

'स्त्रीपुरुष तुलना' पुन्हा लोकांच्या हातात आलं ते थेट १९७५ साली. स. गं. मालशे यांनी ते संपादित केलं आणि मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाने छापलं. ते आंतरराष्ट्रीय महिला वर्ष होतं, त्यामुळे वेळही जुळली. ९३ वर्षांनी. १९९४ला रोझलिंड ओ'हॅनलन यांचा इंग्रजी अनुवाद आला, १९९७ला विलास खोले यांची आवृत्ती. नऊ आण्यांचं पुस्तक जगभरच्या विद्यापीठांत शिकवलं जाऊ लागलं.

आणि ज्यांच्यावर त्यांनी आसूड ओढला ती पुस्तकं? त्यांनाही आता जे थोडे वाचक मिळतात, त्यांतले काही ताराबाईंनीच पाठवलेले असतात. मी त्यातलाच एक. 'मंजुघोषा' शोधली ती त्यांनी नाव घेतलं म्हणून. रिसबुडांची प्रस्तावना तीनदा वाचून झाली आहे. कादंबरी अजून निम्मी व्हायची आहे.