आदिलाबाद मुलखातील विद्यार्थी आणि दंतरक्षण

श्रीमठाच्या स्मरणग्रंथात दातांचा विषय पाहून काही भाविकांस नवल वाटेल. परंतु आपल्या आचारधर्मात दंतधावन आधी, संध्या मागून. सुश्रुताने दातवण बारा अंगुळे लांब व करंगळीएवढे जाड असावे असे सांगून कडू वृक्षांत निंब, तुरटांत खदिर, मधुरांत मधूक आणि तिखटांत करंज श्रेष्ठ ठरविला. खदिर म्हणजे खैर व मधूक म्हणजे मोह. पैनगंगा आणि गोदावरी यांच्यामधील या मुलखास हे चारही वृक्ष परके नाहीत. काही तिथींना दंतकाष्ठ निषिद्ध आहे. पण त्या दिवशी शास्त्राने बारा चुळा सांगितल्या. मुखशुद्धीस अनध्याय नाही.

असे असूनही येथील शाळकरी मुलाच्या प्रकृतीकडे राजसत्तेचे लक्ष फार उशिरा गेले. बडोदे संस्थानात शाळांतील मुलांची वैद्यकीय तपासणी १९०९ सालीच सुरू झाली होती. निजामी आदिलाबादेत मुळात शाळाच विरळ. १९४० साली जोडेघाट येथे कोमराम भीम मारले गेले. त्यानंतर गोंडांची स्थिती अभ्यासण्यास फ्यूरर-हायमेनडॉर्फ हे मानववंशशास्त्रज्ञ आले. १९४३ मध्ये मारलवाई येथे गोंड शिक्षक तयार करण्याचे केंद्र निघाले व गोंडीची पाठ्यपुस्तके देवनागरी लिपीत सिद्ध झाली. पुढे या जिल्ह्यात अधिकारी असलेले सेतुमाधवराव पगडी यांनी तर गोंडीचे व्याकरणच लिहिले. मराठी वाचकास याचा अभिमान वाटावा. अक्षर रानात पोहोचले; वैद्य मात्र मागेच राहिला.

तो एकदा खरोखर आला, तेव्हा काय घडले ते पाहावे. यॉज नावाचा त्वचेचा व हाडांचा रोग आदिवासी मुलखांत मुख्यतः पंधरा वर्षांखालील मुलांस ग्रासीत असे. १९५२ पासून जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या साह्याने पेनिसिलिनच्या सुया घेऊन पथके पाड्यापाड्यांत हिंडली. मध्ये शैथिल्य आले, काम पुन्हा उभे करावे लागले. पण देशातील शेवटचा रोगी २००३ साली आढळला आणि २०१६ मध्ये भारत यॉजमुक्त ठरला. घरोघर जाऊन मूल तपासले, म्हणून हे साधले.

दातांना असे भाग्य लाभले नाही. किडलेली दाढ सहसा जीव घेत नाही. झोप, जेवण आणि पाठ मात्र हिरावून घेते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली सुरू झाला, त्याच्या तीस विकारांच्या यादीत दंतक्षय आहे आणि पथकाने वर्षातून एकदा सरकारी शाळेत जावे असा नियम आहे. पण वर्षाचे उरलेले दिवस कोणाचे? मधल्या काळात आठवडी बाजारात गोळ्या-बिस्किटे आली, दातवण गेले, आणि काही घरांत दातदुखीवर मशेरी लावण्याची घातक चाल पडली. येथे आम्हां संस्कृतज्ञांनीही भ्रम बाळगू नये. निंबाने मुख स्वच्छ राहील. दाढेस एकदा पडलेला खड्डा निंबाने भरत नाही. त्यास दंतवैद्यच हवा.

त्यातही एक गोष्ट पालकांस क्वचितच ठाऊक असते. पहिली कायमची दाढ सुमारे सहाव्या वर्षी, दुधाच्या दातांच्या मागे, एकही दात न पडता उगवते. घरचे तिला दुधाचीच समजतात आणि किडली तरी पडेल म्हणून सोडून देतात. ती पडली तर पुन्हा येत नाही. मूल प्रथम शाळेत बसते तेही याच वयात. तेव्हा ती दाढ पाहावयाची ती गुरुजींनीच, पाटी हाती देताना तोंड उघडावयास सांगून.