‘एक चिडिया’वाल्या फिल्मची नावं कुणी सांगत नाही

मंडळी, दूरदर्शनवरची ती चिमण्यांची कार्टून फिल्म चाळिशी ओलांडलेल्या प्रत्येकाला आठवते. १५ ऑगस्ट आला की ग्रुपवर फिरते. ‘जुनं दूरदर्शन, गोड आठवणी’ एवढंच खाली लिहिलेलं. बनवली कुणी, हे कुणी लिहीत नाही. म्हणून लिहितोय.

नाव ‘एक अनेक और एकता’, साल १९७४. फिल्म्स डिव्हिजनची, म्हणजे सरकारी पैशाची. दिग्दर्शन विजया मुळे. मुंबईत जन्मलेल्या या बाई सत्यजित राय यांच्यासोबत फिल्म सोसायटी चळवळ उभी करणाऱ्यांपैकी. अ‍ॅनिमेशन भीमसेन यांचं. संगीत वसंत देसाईंचं. हो, ‘श्यामची आई’वालेच. शब्द पं. विनयचंद्र मौद्गल्य यांचे. आणि गाणारी चिमुरडी म्हणजे दाभोळची साधना घाणेकर, आजच्या साधना सरगम. हिंदी फिल्म, पण मराठी माणसं किती बघा!

आता तो काळ आठवा. १९७४ म्हणजे महागाई, रेल्वे संप, बिहारात जयप्रकाशांचं आंदोलन. पुढच्याच वर्षी आणीबाणी. अशा वेळी सरकारी खात्यातून ‘एकता’ या विषयावर फिल्म निघते म्हटल्यावर काय अपेक्षा असणार? पण इथे कुणी मंत्री उपदेश करत नाही. लहान भाऊ विचारतो, अनेक म्हणजे काय? ताई समजावते. मग पारध्याच्या जाळ्यात अडकलेल्या चिमण्या जाळ्यासकट उडतात, उंदीर जाळं कुरतडतात. गोष्ट पंचतंत्रातली, तिथे कबुतरं आहेत. पोरगं लगेच पुढचं विचारतं, मग आम्हाला झाडावरचे आंबे काढता येतील का? ताईचं उत्तर मला फार आवडतं. येतील, पण युक्ती लढवावी लागेल. नुसते ‘एक व्हा’ म्हणून भागत नाही, हे सरकारी फिल्ममध्ये सांगितलंय, राव!

मेहनत बघा. फिल्म साधारण सात मिनिटांची. सेकंदाला २४ फ्रेम धरल्या तर दहा हजार. एक चित्र दोन फ्रेम चालवलं तरी पाच हजार. सगळं हाताने. हे कसब आपल्याकडे आपोआप आलेलं नाही. १९५६ मध्ये क्लेअर वीक्स नावाचे डिस्नेचे चित्रकार मुंबईत फिल्म्स डिव्हिजनमध्ये शिकवायला आले होते. तिथल्या कार्टून विभागातून पुढे अशा कितीतरी फिल्म निघाल्या. आपण थिएटरात त्या सुरू असताना पॉपकॉर्न आणायला जायचो, ते सोडा.

हल्ली बातमीसोबत जनजागृतीच्या अ‍ॅनिमेशन क्लिपा येतात. एका कार्यालयाची परवा आली, विषय डेंग्यू. तीस सेकंदांची क्लिप, त्यात बारा सेकंद हात जोडलेले फोटो. डासाच्या वाट्याला चार. पाण्याची टाकी कशी झाकायची, ती युक्ती कुठेच नाही. कॉम्प्युटरवर आज हे काम किती सोपं झालंय! पण कुणाला काय सांगायचंय, हेच ठरवलेलं नसतं.

‘एक अनेक’ला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. वसंत देसाई १९७५ च्या डिसेंबरात लिफ्टच्या अपघातात गेले. विजयाबाई २०१९ मध्ये गेल्या, वय ९८. फिल्म्स डिव्हिजन २०२२ मध्ये एनएफडीसीत विलीन झालं. फॉरवर्ड करताना आता निदान ही नावं तरी खाली टाका.